गनीभाईंची क्रेन मॉरिशसला जाते

सिनेमाच्या कामात आहे म्हटलं की लोक उझ्माला हमखास विचारायचे, "मग कुठल्या कुठल्या हिरोला भेटलीस?" हिरोला ती भेटायची ती त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स मागायला. शूटिंग कुठं करायचं, तिथली परवानगी कोण देतं, माणसं राहतील कुठं, जेवतील काय, सामान कशातून जाईल, हे सगळं आधी ठरवून ठेवायचं काम तिचं. दहा वर्षं तिनं पुण्यात राहून हेच केलं. अम्मी गेल्यावर अब्बा एकटे पडले, तेव्हा ती नगरला परतली आणि भिंगारच्या घराच्या माडीवर टेबल मांडून तेच काम करू लागली.

या वेळचं काम मोठं होतं. खर्ड्याच्या भागवत गर्जेनं सिनेमा लिहिला होता आणि दिग्दर्शनही तोच करत होता. दीडशे वर्षांपूर्वी त्याच्या गावातून मॉरिशसच्या ऊसमळ्यावर मजुरीला गेलेल्या एका बाईची ती गोष्ट. अर्धं शूटिंग खर्ड्याच्या किल्ल्यात आणि आसपासच्या माळावर उरकलं होतं. उरलेले नऊ दिवस मॉरिशसला.

त्या नऊ दिवसांसाठी उझ्मा सात आठवडे राबत होती. तिथल्या चित्रपट खात्याची परवानगी आली, समुद्रकिनाऱ्याची आली, जुन्या साखर कारखान्याच्या धुराड्याची आली. तिकडची जुळवाजुळव मालती बाबाजी करत होती. बाबाजी हे तिचं आडनाव. तिच्या पणजोबांचे आईवडील कोकणातून तिकडे गेलेले. शाळेत शिकलेलं मराठी ती इतकं जपून बोलायची, की उझ्मालाही फोनवर आपसूक शुद्ध बोलायची सवय लागली होती.

राहिला होता शेवटचा शॉट. मजुरांनी जमीन साफ करताना वेचलेल्या काळ्या दगडांचे मोठाले ढीग तिथल्या उसाच्या रानांत अजून उभे आहेत. तशा एका ढिगावर ती बाई चढते. कॅमेरा उसातून वर वर येतो, पाती खाली राहतात आणि पहिल्यांदा समुद्र दिसतो. भागवतचा सगळा सिनेमा या एका शॉटवर येऊन थांबत होता.

निघायला सहा दिवस राहिले असताना, सोमवारी सकाळी मालतीचा फोन आला.

"उझ्माताई, वाईट बातमी आहे. ड्रोनला नकार आला. ते शेत विमानतळाच्या फार जवळ आहे."

"मग क्रेन भाड्यानं घेऊ. आहे ना तिकडे?"

"आहे, पण ती ट्रकवर बसवलेली आहे. आणि श्री. दुवाल उभ्या उसात ट्रक घालू देणार नाहीत. मी विचारलं. ते रागावले."

दुवाल म्हणजे त्या मळ्याचे व्यवस्थापक. उझ्मानं भागवतला फोन लावला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मग चाचांची क्रेन न्यायची. दुसरं काय! किल्ल्यात नेली होती की आपण, चौघांनी खांद्यावरून."

उझ्माला हे सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, पण स्वतःहून तिनं तिचं नाव काढलं नव्हतं.

तिचे अब्बा गनीभाई नागापूरच्या एमआयडीसीत लेथ चालवायचे. तीस वर्षं दुसऱ्यांचे सुटे भाग बनवून दिल्यावर त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. खर्ड्याच्या किल्ल्यात गाडी जात नाही म्हणून भागवत अडला, तेव्हा गनीभाईंनी तीन महिने खपून ॲल्युमिनियमच्या पाइपांची हातानं उचलायची क्रेन बनवली होती. सुटी करून पेट्यांत भरता यायची, जोडली की कॅमेरा अठरा फुटांवर न्यायची. मागच्या बाजूला वजन म्हणून पाण्याचे कॅन टांगायचे, म्हणजे लोखंडही वाहायला नको.

पण परदेशी न्यायच्या सामानाला कार्नेट लागतं. कार्नेट म्हणजे सामानाचा पासपोर्ट. प्रत्येक वस्तूचं नाव, नंबर, वजन, बनावट त्यात लिहायची. इथले कस्टमवाले जाताना तपासतात, तिकडचे उतरताना तपासतात, परत येताना पुन्हा दोन्हीकडे तेच. यादीतली वस्तू कमी भरली तरी पंचाईत, जास्त भरली तरी पंचाईत. उझ्माच्या यादीत एकेचाळीस वस्तू होत्या आणि प्रत्येकीवर जर्मनीचा नाहीतर जपानचा नंबर होता. अब्बांच्या क्रेनवर काहीच नव्हतं. कंपनी नाही, बिल नाही, नंबर नाही. शिवाय बापाचं सामान लेकीनं घुसवलं असं कुणी म्हणेल, याचीही तिला धास्ती होती. म्हणून तिनं क्रेन यादीत घेतलीच नव्हती.

यादी टाइप होत असताना अब्बांनी एकदाच विचारलं होतं, "आपली न्हाई का त्याच्यात?"

"तिची गरज नाही अब्बा तिकडे."

"बरं," म्हणून ते खाली गेले होते. त्या 'बरं'नंतर त्यांनी दोन दिवस क्रेनचा विषय काढला नव्हता.

तिनं कार्नेट काढून देणाऱ्या मुंबईच्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, नशीब समजा. अर्ज उद्या अकरा वाजता जाणार. एकदा कार्नेट निघालं की त्यात टाचणीसुद्धा वाढवता येत नाही. उद्या साडेदहापर्यंत नवीन यादी पाठवा. प्रत्येक तुकड्यावर खूण पाहिजे, पुसली न जाणारी. स्टिकर चालणार नाही."

उझ्मानं स्कूटी काढली आणि थेट नागापूर गाठलं.

गनीभाई एका शाफ्टला कट देत होते. तिला बघून त्यांनी मशिन बंद केलं. या वेळी वर्कशॉपला ती कधी येत नसे.

"अब्बा, क्रेन लागणार आहे. मी चुकले. आधीच घ्यायला पाहिजे होती."

ते चिडतील, निदान टोमणा तरी मारतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "कधीपर्यंत?"

"प्रत्येक भागावर नंबर पाहिजे. आज संध्याकाळपर्यंत."

"नंबर पंच हायेत माझ्याकडं. काय नंबर घालायचा?"

दोघांनी क्रेन सोडवली. नऊ भाग निघाले. शेजारच्या गाळ्यातून वजनकाटा आणला. खर्ड्याच्या शूटिंगला क्रेन चालवणारा गोरक्ष, तोही फोन केल्याबरोबर पारनेरहून मोटरसायकलवर आला. गोरक्ष वजन सांगायचा, उझ्मा लिहायची, गनीभाई ऐरणीवर पाइप टेकवून एकेक अंक ठोकायचे. एक अंक जरा तिरका बसला, तर तो भाग उलटा फिरवून त्यांनी सगळा नंबर नव्यानं घातला.

"अब्बा, बनवणाऱ्याचं नाव लिहायचं आहे. कंपनीचं."

गनीभाईंनी हातोडी खाली ठेवली. "कंपनी कुठली बेटा? आपलं शटर हाय नुसतं."

"मग तुमचंच लिहिते. गनी शेख, नागापूर, भारत."

"एवढं सगळं लिहितात?"

"लिहावंच लागतं."

"मग लिही," ते म्हणाले आणि पुन्हा हातोडी उचलली. गोरक्षनं उझ्माकडं बघून हळूच भुवया उडवल्या. पुढचे चार नंबर म्हाताऱ्यानं एका दमात ठोकले.

मंगळवारी सकाळी साडेनऊला यादी गेली. गुरुवारी कार्नेट एजंटच्या हाती पडलं. त्याच दुपारी टेम्पो मुंबईला निघाला. गोरक्ष बरोबर होताच, पण गनीभाईही निघाले. "कुनी उघडून बघितली तर जोडून कोन दाखवील?" असं म्हणत ते ड्रायव्हरशेजारी बसलेसुद्धा.

उझ्माला टेम्पोबरोबर मुंबईला जाता येणार नव्हतं. शुक्रवारी दुपारी एकला, म्हणजे तिकडच्या साडेअकराला, दुवाल व्हिडिओवर भेटणार होते. ट्रक नाही, हातानं उचलून नेऊ, हे त्यांना पटवायचं होतं. तेच काम राहिलं होतं, आणि तेच सगळ्यात नाजूक होतं.

पडद्यावर मालतीच्या शेजारी एक उंच, उन्हानं रापलेला गृहस्थ बसला होता. तो इंग्रजीत थोडकं आणि मोजून बोलत होता. किती माणसं? कोणत्या वाटेनं? विडी-सिगारेट कोण ओढतं? ऊस किती मोडेल?

"एकही नाही मोडणार," उझ्मा म्हणाली. "क्रेनचा पाय सरीत मावतो. कुठलाच भाग बारा किलोच्या वर नाही. आणि साहेब, मी उसाच्या जिल्ह्यातली आहे. सरीतून कसं चालायचं हे माझ्या माणसांना शिकवावं लागत नाही."

दुवालांच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे दोन सऱ्यांत अंतर किती ठेवतात? तिनं सांगितलं. त्यांनी त्यांचं सांगितलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. अब्बा. तिनं तो उलटा ठेवला. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवेना. गनीभाई कधी लागोपाठ तीनदा फोन करत नसत. दुवालांची माफी मागून तिनं तो उचलला.

"बेटा, माझ्या हातनं चूक झाली." अब्बा म्हणाले. "मी एक सांधा जास्तीचा टाकला पेटीत. परक्या मुलखात एखादा निकामी झाला तर पोरांनी काय करायचं, म्हनून. यादीत नऊ, पेटीत धा. साहेबांनी सगळंच थांबवलंय."

सगळंच म्हणजे कॅमेरे, लेन्स, दिवे, सगळं. रविवारी विमान.

"साहेबांना द्या फोन."

कस्टम अधिकाऱ्याचा आवाज कोरडा होता. "मॅडम, यादी तुम्ही केलीत?"

"हो सर. दहावा भाग सुटा सांधा आहे, वडिलांनी काळजीपोटी टाकला. तो यादीत नाही, त्यामुळे तो जाणारही नाही. काढून परत पाठवते. तसं लिहूनही देते."

"आणि बाकीच्या नळ्या क्रेनच आहेत, हे कशावरून?"

"ज्यांनी बनवली ते तुमच्यासमोर उभे आहेत सर. त्यांना जोडायला सांगा."

पलीकडे काहीतरी बोलणं झालं आणि फोन बंद पडला.

तिनं पडद्याकडे पाहिलं. मालतीचा चेहरा उतरला होता. फोनवरचं मराठी तिला कळलं होतं. दुवालांना कळलं नव्हतं, पण समोरची बाई घामाघूम झालेली त्यांना दिसत होती. त्यांनी काय झालं ते विचारलं. उझ्मानं लपवलं नाही. क्रेन वडिलांनी बनवली आहे, त्यांनी एक सांधा जास्त टाकला आणि आत्ता ते कस्टमच्या शेडमध्ये ती जोडून दाखवताहेत, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

दुवाल म्हणाले, मंगळवारी तोडणी बंद असते. सकाळी सहा ते नऊ. विडी-सिगारेट नाही. आणि मी स्वतः बघायला येणार, तुमच्या वडिलांची क्रेन. पत्र आज पाठवतो.

मालतीनं टाळ्या वाजवल्या. उझ्मानं आभार मानले, लॅपटॉप मिटला, पण आनंद काही होईना. ती माडीवर येरझारा घालू लागली. अब्बांना फोन लागेना. गोरक्षचा बंद. भागवतचा आला, "काय झालं?" तिनं "कळवते" म्हणून ठेवून दिला. जेवायचं ताट झाकलेलंच होतं. अडीच वाजले. पावणेतीन.

तीन वाजून दहा मिनिटांनी गोरक्षचा फोन आला. तो ओरडतच होता. "ताई, शिक्का पडला! सगळ्याला! पेट्या आत गेल्या!"

उझ्मा होती तिथं जिन्याच्या पायरीवर बसली. तिला आधी हसू आलं आणि मग रडू. मग एकदम कडाडून भूक लागल्याचं जाणवलं. ताटातली गार भाकरी आणि मेथीची भाजी तिनं जिन्यातच बसून खाल्ली. भागवतला फोन केला तेव्हा तिच्या तोंडात घास होता. तरी त्याला सगळं समजलं. "चाचांना माझा सलाम सांगा," एवढंच तो म्हणाला.

गनीभाई दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. जास्तीचा सांधा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या पिशवीत होता. हातपाय धुऊन चहा घेताना त्यांनी सगळी हकिकत सांगितली. बारा मिनिटांत क्रेन उभी केली. शेडमधले हमाल गोळा झाले. साहेबांनी आधी प्रत्येक नंबर ताडून पाहिला, बोट फिरवून. मग त्यांनी स्वतःच दांडा धरला.

"मी म्हनलं, साहेब, दोन बोटांनी ढकला. ढकलला तर टोक छताला लागायला आलं! मग हसले. म्हनले, चाचा, कुठं शिकला? मी म्हनलं, नागापुरात." गनीभाईंनी बशीतला चहा संपवला. "मानूस वाईट नव्हता. चूक माझीच हुती."

"चूक नव्हती अब्बा, काळजी होती."

"कस्टमात दोन्ही एकच हाय," ते म्हणाले आणि दोघंही पोटभर हसली.

रविवारच्या विमानानं उझ्मा बाकीच्यांबरोबर मॉरिशसला गेली. मंगळवारी पहाटे तिथल्या उसात गोरक्ष आणि तिघांनी पेट्या सरीतून नेल्या. दुवाल साहेब खरंच आले होते, टोपी हातात घेऊन उभे होते. पहिला शॉट वाऱ्यानं बिघडला. दुसऱ्याला कॅमेरा पात्यांतून सरळ वर आला, काळ्या दगडांवर ती बाई उभी राहिली आणि पलीकडं समुद्र उजळला. भागवत 'कट' म्हणायचं विसरला. गोरक्षनंच शेवटी विचारलं, "थांबू का?"

तिकडे साडेसहा वाजले होते, म्हणजे नगरला आठ. उझ्मा दोन सऱ्या बाजूला गेली आणि तिनं अब्बांना फोन लावला.

"झाला अब्बा. छान झाला."

"सांधा कुरकुरला का कुठं?"

"अजिबात नाही."

"मग ठीक हाय," गनीभाई म्हणाले. "चल, मी शटर उघडतो आता. गिऱ्हाईक थांबलंय."