मिसेस व्हिटलॉकचं फुलपाखरू

सिएरा पर्वताच्या पायथ्याशी आमचं संग्रहालय. तिथे फुलपाखरांचे सर्वेसर्वा होते डॉक्टर क्लिफ्टन थेअर. पंखावर एखादा ठिपका जास्त दिसला की यांचं लगेच बारसं सुरू.

एका उन्हाळ्यात त्यांना डोंगरात काळंकुट्ट चेकरस्पॉट मिळालं. हे फुलपाखरू आमच्याकडे रानोमाळ दिसतं. पंखांवर बुद्धिबळाच्या पटासारखी तांबडी-पिवळी घरं असतात. ह्या काळ्यावर तांबडं जवळजवळ नव्हतंच. तेवढ्यावर थेअरनी नवी जात जाहीर केली आणि तिला मिसेस व्हिटलॉक यांचं नाव दिलं. संग्रहालयाचं नवं दालन बांधून देणाऱ्या बाई त्याच. योगायोग म्हणायचा.

माझी सहकारी रोवेना हॅस्केल त्यांना म्हणाली, "डॉक्टर, नराच्या पोटाचं टोक उघडून बघितलंत का? जात तिथल्या अवयवांवरून ठरते."

"माझी नजर पुरेशी आहे."

"मग चष्मा कशाला लावता?"

रोवेना गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. त्याच डोंगरावरून तिने एक काळी मादी आणली. तिच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या खिडकीतल्या रानफुलांच्या झुडपांवर वाढवल्या, हिवाळाभर निजल्या तेव्हा थंडीत जपल्या. वसंतात फुलपाखरं निघाली. काही आईसारखी काळी, काही चांगली तांबडी. नर उघडून पाहिले, तर आमचं नेहमीचंच चेकरस्पॉट.

दालनाच्या उद्घाटनाचं जेवण चाललं होतं. रोवेनाने फुलपाखरांची पेटी थेअरांच्या ताटाशेजारी ठेवली.

"एका आईची लेकरं आहेत, डॉक्टर. ह्यातली नवी जात कोणती?"

थेअरनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विलक्षण. ही जात इतकी दुर्मीळ आहे, की स्वतःच्या घरातसुद्धा मोजकीच सापडते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिकले-सवरलेले लोक.

मिसेस व्हिटलॉकनी वाकून विचारलं, "यातलं माझं कोणतं, मुली?"

"आवडेल ते घ्या, बाई."

त्यांनी एक तांबडं निवडलं. "काळा रंग मला कधी शोभलाच नाही," त्या थेअरांकडे बघून म्हणाल्या.

थेअर पाणी प्यायले आणि त्यांनी मान डोलावली.

पुढे रोवेनाचा लेख छापून आला आणि जात रद्द झाली. दालनात मात्र ते तांबडंच लटकवलंय, खाली बाईंचं नाव. उद्घाटनाच्या त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी जेवणातला उरलेला ॲपल पाय मुदपाकखान्यात उभ्यानेच संपवला. रोवेनाने तर दुसऱ्यांदा वाढून घेतला.