शिळं पाणी

मी एक जुना ड्रम आहे. एके काळी चांगला निळाशार होतो, आता उन्हानं विटून कसाबसा आकाशी उरलोय. मित्रांनो, जुनीजाणती मंडळी स्वस्थ बसून आपली गोष्ट सांगतात म्हणे. मला ते जमत नाही. कोरडा असलो की माझं अंग तडतडतं, अर्धा भरलेला असलो की आत नुसती डुचमळ. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे माझ्याकडे बघूनच कुणाला सुचलं असावं! फक्त काठोकाठ भरलो की मी गप्प होतो, आणि तसं फार वेळा झालं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पहिल्यांदा माझ्यात वाळ्याच्या सरबताचा अर्क भरला होता. तो संपला आणि मी भंगारवाल्याच्या दारात येऊन पडलो. तिथे परेशनं मला हेरलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नालासोपाऱ्यात इमारती भराभर उठत होत्या, पाण्याचे नळ मात्र त्यांच्यामागे धावून दमले होते. परेशनं अशाच एका इमारतीत फ्लॅट घेतला होता. त्यानं मला सायकलला बांधून आणलं, तिसऱ्या मजल्यावर चढवलं, तळाशी पितळी तोटी बसवली आणि मोरीच्या दाराशी उभं केलं.

"काय गं सुमेधा, मोठाच पाहुणा आणलात!" शेजारची ॲनी मला बघून म्हणाली.

"पाहुणा कसला, घरचाच आता," परेशची बायको सुमेधा हसली. मला तेव्हा कोण अभिमान वाटला!

सोसायटी एक दिवसाआड अर्धा तास पाणी सोडायची. त्या अर्ध्या तासात मी भरायचो आणि दोन दिवस घर माझ्यावर चालायचं. घरात तिसरं माणूस म्हणजे परेशचे वडील, आत्माराम. पोस्टातून निवृत्त झालेले, अतिशय टापटिपीचे. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. खाट माझ्या समोरच होती. त्यांचं सगळं अंथरुणातच व्हायचं. सुमेधा न कुरकुरता त्यांना धुवायची, पुसायची, चादर बदलायची. त्या वेळी ते भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडायचे. माझी तोटी सुरू झाली की तिच्या आवाजानंही ते शरमायचे.

सुमेधा गुणाची बाई, पण तिची एक सवय मला जाळायची. नळाला पाणी आलं की आधी ती माझ्यातलं उरलेलं पाणी ओतून द्यायची. "शिळं पाणी कशाला ठेवायचं? ताजं भरू." कोकणात तिच्या माहेरी अशीच रीत होती. रोज सकाळी विहिरीचं ताजं पाणी शेंदायचं आणि कालचं केळीच्या बुंध्याशी ओतायचं. तिथे ते बरोबरच होतं, केळीला पाणी मिळायचं. इथे तिसऱ्या मजल्यावर केळ कुठली? इथे ते पाणी मोरीच्या भोकातून गटारात जायचं. कधी पाव ड्रम, कधी अर्धा. मी आतल्या आत धुमसायचो. पण ड्रमाचं कोण ऐकतंय?

ॲनी एकदा तिला म्हणालीसुद्धा, "अगं, पाणी म्हणजे काय भाकरी आहे शिळी व्हायला? आपली सोसायटी विकत मागवते ते टँकर आमच्या पापडीच्या विहिरींवरूनच भरून येतात. उपसून उपसून आमच्या बावीचं पाणी आता मचूळ लागतं, माहितीय?" बाव म्हणजे विहीर. ॲनीचं माहेर पापडीचं, तिथे त्यांची वाडी आहे. सुमेधानं हसून विषय बदलला.

मग तो मे महिना आला. एका दुपारी जिन्यात आरोळी उठली, "पाणी आलं, पाणी आलं!" नळ फुसफुसला. सुमेधानं लगबगीनं मला वाकवलं. मी अर्ध्याहून जास्त भरलेला होतो. सगळं पाणी मोरीत गेलं. आणि नळानं नुसती हवा सोडली, दोन गढूळ गुळण्या टाकल्या आणि तो गप्प झाला. रस्त्यावरची मोठी पाइपलाइन फुटली होती.

दुसऱ्या दिवशी पाणी नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. टँकर यायचा, त्याच्यापुढे हंड्यांची रांग लागायची आणि घरटी एक हंडा मिळायचा. परेश दिवसभर कामावर, म्हणून सुमेधाच तो हंडा तीन मजले चढवून आणायची. मी रिकामा उभा राहून त्या हंड्याकडे बघत राहायचो.

आणि मला आणखी एक गोष्ट दिसत होती, जी दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती. आत्माराम काही पीत नव्हते. सुमेधानं पेला पुढे केला की म्हणायचे, "आत्ताच घेतलं गं." चहा दिला की म्हणायचे, "पित्त झालंय, नको." तिला वाटे, उन्हाळा आहे, जात नसेल काही. त्यांचे ओठ फुटले होते. हाक मारायला निघालेला आवाज घशातच अडायचा. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड आहे ते फक्त पाणी भरण्यापुरतं.

सुमेधा टँकरवर गेली की ॲनी त्यांच्यापाशी येऊन बसायची. त्या दिवशी तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि दचकली. "काका, अंग किती तापलंय तुमचं! पाणी कधी प्यायलात?"

"नको गं पोरी," आत्माराम कसंबसं बोलले. "प्यालो की सगळं ओलं होतं. मग ती धुणार. एक हंडा पाणी, त्यात तिनं सैपाक करायचा का माझी घाण काढायची? नाही प्यालो की प्रश्नच मिटतो."

"काका, असं कोण करतं! मराल ना अशानं!"

"मग तिचाही त्रास मिटेल."

दारात हंडा आदळला. सुमेधा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्यांच्या पायाशी खाली बसली आणि हमसून हमसून रडली. "बाबा, भरलेला ड्रम मी ओतला हो. माझ्या हातानं ओतला. आणि तुम्ही तहानेले राहिलात!"

मग ती उठली, त्याच हंड्यातून पेला भरला आणि आपल्या हातानं त्यांना पाजला. ॲनीनं डॉक्टर बोलावला. सलाइन लागलं. संध्याकाळी आत्मारामांनी अंथरूण ओलं केलं, तेव्हा सुमेधा हसत म्हणाली, "आता मला बरं वाटलं!"

पाणी परतलं तेव्हा सुमेधानं मला ओतलं नाही. जुनं पाणी धुण्याला नि फरशीला आधी वापरलं, नवं वरून भरलं. पुन्हा कधीच 'शिळं' हा शब्द तिच्या तोंडी आला नाही. आत्माराम आणखी चार उन्हाळे जगले, पोटभर पाणी पिऊन.

आता ते नाहीत. नळाला रोज पाणी येतं. माझ्या तळाला चीर गेली, म्हणून मला गच्चीवर ठेवलंय, मोठ्या टाकीच्या शेजारी. आणि मित्रांनो, मी तुम्हाला ही गोष्ट एवढ्या घाईनं का सांगतोय माहितीय? खाली कुणीतरी मोटर चालू करून विसरलंय. टाकी केव्हाची भरली. पाणी धो धो वाहतंय, माझ्यात पडतंय आणि चिरेतून निघून जातंय. एका म्हाताऱ्यानं जे प्यायचं टाळलं, तेच हे पाणी. मला ते धरून ठेवता येत नाही. तुम्हाला तर हात आहेत, पाय आहेत! माझी गोष्ट राहू द्या बाजूला. आधी कुणीतरी धावत खाली जा आणि ती मोटर बंद करा रे!