इतर कामे

साहेबांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि तिच्या टाइमशीटमधल्या लाल पट्टीवर पेनाचं टोक आपटलं.

"निम्मा आठवडा 'इतर कामे'? मॅडम, मी वरच्यांना काय तोंड दाखवू?"

"दुसऱ्यांच्या चुका निस्तरत होते. तुम्हीच तर पाठवता त्यांना माझ्याकडे."

"मग त्यांच्या प्रोजेक्टवर टाका ना ते तास. ही पट्टी अशीच राहिली, तर पुढच्या महिन्यात तुमची नोकरी माझ्याच्यानं वाचायची नाही."

एवढं बोलून ते गोड हसले. तिला त्या हसण्याची शिसारी आली.

टाइमशीट म्हणजे शुद्ध थापेबाजी, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. शुक्रवारी चहाच्या आधी जो तो आठवडा आठवायचा आणि आठवला नाही तर रचायचा. गप्पांची 'चर्चा' व्हायची, डुलक्यांचा 'अभ्यास'. खरं लिहिणारी ही एकटीच दीडशहाणी.

ती टीममधल्या दाढीवाल्याकडे गेली. सोमवारभर तिने त्याचाच प्रोग्रॅम उसवून पुन्हा शिवला होता.

"तुझ्या प्रोजेक्टवर माझा सोमवार टाकते रे."

"ताई, नको ना," कानातले हेडफोन न काढता तो म्हणाला. "माझ्या प्रोजेक्टचे मंजूर तास कधीच संपलेत. पुढच्या वेळी नक्की."

मग ती पलीकडच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"अगं, टाकशील. पण मला तुझी मदत लागली, हे साहेबांना दिसेल ना."

तिच्या तोंडची चवच गेली. जागेवर येऊन तिने 'इतर' पुसलं आणि ते सगळे तास स्वतःच्याच प्रोजेक्टवर पसरून दिले. पट्टी लगेच हिरवी झाली. इतकं सोपं होतं सगळं. तिला स्वतःचीच किळस आली.

थोड्या वेळाने मैत्रीण शेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते.

"ऐक ना, दोन मिनिटं आहेत? आईचे रिपोर्ट आलेत."

हिने स्क्रीनवरून मान वर केली नाही.

"कुठल्या प्रोजेक्टवर टाकू?"

मैत्रीण हसली. ही थट्टा नाही, हे तिला जरा उशिराच कळलं. मग तिने हळूच आपल्या प्रोजेक्टचं नाव सांगितलं.

हिने ते टाइप केलं, तास भरले आणि मगच खुर्ची वळवली.

"हं. काय झालंय आईला?"