मेलेलं रबर

नलिनीताईंच्या टेबल टेनिसच्या बॅटीची मूठ सैल झाली, यात शिवदासचा फायदा काय? वरवर पाहता एक कप चहा. पण तो बॅट उलटीसुलटी करत राहिला आणि त्याची नजर मुठीवर नव्हतीच. ती मागच्या बाजूच्या काळ्या, लांब दाण्यांच्या रबरावर होती. बावीस वर्षांपूर्वीचं. कंपनीने कधीच बंद केलेलं. असं रबर त्याच्या कपाटात नव्हतं.

घाटकोपरच्या आपल्या एका खोलीत शिवदासने काय काय जमवलं होतं! सँडपेपर चिकटवलेली बॅट, आता नियमात न बसणारी दोन्ही बाजूंनी काळी बॅट, फुटले की कापरासारखा वास सोडणारे जुने बारके बॉल. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर विक्रोळीच्या कॉलनीच्या हॉलवरच्या सगळ्या खेळाडूंच्या बॅटींना तोच रबर लावून द्यायचा. स्वतः मात्र टेबलापाशी कधी उभा राहिला नाही.

"रबर मेलंय, ताई," तो म्हणाला. "नवीन लावतो. माझ्याकडून."

"मेलेलं का असेना, हाताला बसलंय," नलिनीताई म्हणाल्या.

त्याने मग बरंच समजावलं. दाणे गुळगुळीत झालेत, स्पर्धा रविवारवर आलीय, आयत्या वेळी सुटून आलं तर काय करणार? नलिनीताई चौसष्टच्या. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. मुलुंडच्या त्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत जिंकल्या तर जिल्ह्याच्या संघात, नाहीतर आयुष्यात कधीच नाही. अशा वेळी माणूस जाणत्याचं ऐकतो. त्यांनी ऐकलं.

मेलेल्या रबरातच नलिनीताईंचा खेळ आहे, हे शिवदासला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. समोरच्याने कितीही स्पिन मारली तरी बॉल तिथून मुका होऊन, हेलकावत परत जायचा. ठाऊक होतं, पण हाव सुटलेला माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो. जुनं फेकून दिलं, असं त्याने बॅट परत देताना सांगूनही टाकलं.

रविवारी फायनलला समोर मुलुंडच्या मृणालिनी. पहिल्या गेममध्ये नव्या रबरावरून नलिनीताईंचे सात बॉल टेबलाबाहेर गेले. दुसऱ्यातही तेच. मधल्या मिनिटभरात त्या सरळ शिवदासच्या खुर्चीपाशी आल्या.

"जुनं कुठाय?"

खोटं बोलायला वेळ होता, पण ते तोंडातून निघेना. "घरी. कपाटात."

"फेकलं म्हणालात."

तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"मग तेच परत लावून द्या."

"उतरवताना फाटलं. दोन तुकडे झाले."

नलिनीताईंनी बॅटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तीस वर्षं त्या त्याला भाऊ म्हणत होत्या, अहो-जाहो करत होत्या. आता त्यांच्या तोंडून थेट गावची बोली आली, तीही हळूच.

"ह्या काय केलंस रे, शिवदास?"

तिसरा गेमही अकरा-पाच गेला, आणि त्याबरोबर सामनाही. मृणालिनींशी हात मिळवून त्यांनी बॅट पिशवीत घातली आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरल्या.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खेळ बंद केला. आता दर शनिवारी त्या काठी टेकत हॉलवर येतात, टेबलाशेजारी खुर्ची टाकून स्कोअरच्या पाट्या उलटतात. कोणी नवी बॅट घेतली की स्वतःहून सांगतात, "रबर शिवदासभाऊंकडूनच लावून घ्या. हात साफ आहे."

हे ऐकलं की शिवदास गोंद शोधायचं निमित्त करून बाहेर जातो. त्या दिवशी नलिनीताईंच्या हातून सामना कसा गेला, हे हॉलमध्ये कोणालाच कळलेलं नाही. वय झालं, असंच सगळे म्हणतात, आणि त्याही मान हलवतात. तेव्हा हिशेब असा: रबर शिवदासला मिळालं, जिल्ह्याचा संघ मृणालिनींना. आणि शिवदासची अब्रू शाबूत राहिली, तीही नलिनीताईंच्याच खर्चाने.