सिंधुबाईचं वजन

सिंधुबाईनं आधी चपला काढल्या. मग कमरेची चंची सोडून नवऱ्याच्या हातात दिली, किल्ल्यांचा जुडगा दिला, थोडा विचार करून पदराच्या गाठीतली सुटी नाणीही दिली, आणि मग कुठं काट्याच्या लोखंडी पाट्यावर पाय ठेवला. इंदापूरच्या बाजारातला लिलाव उरकून अर्धा तास झाला होता. ती मुद्दाम एवढा वेळ थांबायची. चार माणसांसमोर वांग्याच्या पोत्यासारखं तोलून घ्यायची तिला लाज वाटायची, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

"हलू नगा, वैनी," मल्हार म्हणाला.

मल्हार या गाळ्याच्या शेठकडचा मापाडी. सोपान आणि सिंधुबाईच्या मळ्यातली वांगी, गवार, मिरची अकरा वर्षं त्याच्याच हातून तोलली जात होती. त्यानं दांडीवरचं वजन दोन बोटांनी सरकवलं. दांडी वर गेली, खाली आली आणि मधोमध थांबली.

"सत्तर."

"परत बघ."

"सत्तरच हाय."

सोपानला एवढा आनंद झाला, की बायकोची चंची त्यानं स्वतःच्याच खिशात घातली. मग तोही हौसेनं पाट्यावर चढला. अठ्ठावन्न. "आपलं हाय तेवढंच हाय," असं म्हणून तो उतरला. सिंधुबाई मात्र उतरल्यापासून खांब धरून उभी होती. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. उन्हानं झालं असेल, असं तिनं ठरवून टाकलं. गाळ्यावर पत्रा होता आणि आत ऊन येतच नव्हतं, ही गोष्ट तिनं मनावर घेतली नाही.

मल्हार वजनं उचलून ठेवत होता. मान वर न करता, तिला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "वैनी, जेवत जावा. ह्या काट्याच्या नादानं पोट मारू नगा."

"आता जेवीन की," ती हसली. "आता काय ऱ्हायलंय."

दीड महिन्यापूर्वी, दिवाळी सरल्यावर, ती बारामतीच्या एका दवाखान्यात गेली होती. बेंबीच्या वर लिंबाएवढा गोळा यायचा. पोतं उचललं की बाहेर, आडवं पडलं की आत. दोन वर्षं तिनं तो तळहातानं आत ढकलत काढली होती. डॉक्टरांनी हर्निया सांगितला. आतडं त्यात अडकलं तर जिवावर बेतेल, तेव्हा ऑपरेशन करावंच लागेल, म्हणाले. पण वजन भरलं ऐंशी. एवढ्या वजनाला टाके धरणार नाहीत, सत्तरवर या, मग तारीख देतो.

त्यांनी दुसरीही एक अट घातली होती. उपाशी राहून वजन उतरवायचं नाही. रक्त साडेदहा आहे, दहाच्या खाली गेलं तर मी हात लावणार नाही, जखम भरायला अंगात काही असावं लागतं. कागदावर त्यांनी लिहूनच दिलं: दिवसाला दोन भाकऱ्या, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, पालेभाजी, दुपारी ताक, रात्री कपभर दूध. तेल आणि शेंगदाण्याचं कूट निम्मं. खाली रेघ ओढून लिहिलं होतं, यातलं काहीही सोडू नये.

सिंधुबाईला कागद पटला नव्हता. एवढं सगळं खायचं आणि वर बारीक व्हायचं, हे तिला थट्टेसारखंच वाटलं. पहिल्या आठवड्यात तिनं रात्रीची भाकरी सोडली. पुढच्या बाजारी सोपाननं तिला मल्हारच्या काट्यावर चढवलं, तर पंच्याहत्तर. आठ दिवसांत पाच किलो. आपला आकडा ऐकून ती हरखून गेली.

"दवाखान्यात ऐंशी होतं, एवढं कसं उतरलं?" तिनं विचारलं होतं.

"त्यो दवाखान्यातला काटा म्हंजी खेळणं," सोपान म्हणाला होता. "ह्यो क्विंटल-क्विंटल तोलतो. ह्याचं खरं."

झालं. एक भाकरी सोडल्यावर पाच किलो, तर दोन्ही सोडल्या तर काय होईल, हा हिशेब तिनं वाटेतच केला. पण पुढच्या आठवड्यात काटा एकाच किलोनं हलला. मग तिनं उसळ सोडली. पुन्हा एकच किलो. मग दूध सोडलं. आपलंच कुठंतरी चुकतंय असं वाटून ती दर आठवड्याला एकेक गोष्ट सोडत गेली. जेवताना ती ताट घेऊन सगळ्यांबरोबर बसायची, एखादा घास तोंडात घालायची, आणि म्हशीला बघून येते म्हणून उठायची. तिची भाकरी म्हशीच्या आंबोणात पडायची. म्हैस चांगली भरली. रक्ताचं काय चाललंय ते काही बाजारच्या काट्यावर कळत नव्हतं.

सोमवारी दोघं एसटीनं बारामतीला निघाली. सिंधुबाईनं पिशवीत दोन लुगडी, टॉवेल आणि तांब्या घेतला होता. लगेच ठेवून घेतलं तर धावपळ नको.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. जिना चढताना ती दोनदा थांबली. आत पांढऱ्या रंगाचा, घड्याळासारखी तबकडी असलेला काटा होता. ती चढली. काटा फिरला आणि थांबला.

"पंच्याहत्तर," डॉक्टर म्हणाले.

सिंधुबाई खाली उतरली. चपला तर तिनं दारातच काढल्या होत्या. तिनं चंची सोडली, जुडगा सोडला, हातातल्या बांगड्याही काढायला लागली, त्या न ओढता आपसूक निघाल्या. पुन्हा चढली. काटा पुन्हा तिथंच जाऊन थांबला.

"असं कसं हुईल?" तिचा आवाज चिरकला. "गुरुवारी सत्तर भरलंय. चार दिवसांत पाच किलो? चार दिवसांत मी खाल्लंय तरी काय?"

"तेच विचारतोय. काय खाल्लंत?" डॉक्टरांच्या हातात रक्ताचा कागद होता. "साडेआठ. दीड महिन्यात दोननं खाली आलंय. मी लिहून दिलेलं काय काय खात होता?"

तिनं बांगड्या टेबलावर ठेवल्या. सोपानच पुढं झाला. "खाती की. रोज माझ्यासमोर ताट घेऊन बसती."

"घेऊन बसते," सिंधुबाई म्हणाली. "म्हशीला घालते."

सोपाननं तिच्याकडं पाहिलं. दीड महिना तो तिच्या समोर बसून जेवत होता आणि आज पहिल्यांदा पाहत असल्यासारखा पाहत होता. गालाची हाडं वर आली होती. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. टेबलावर बांगड्या पडल्या होत्या. त्याला एकदम भीती वाटली, आणि भ्यालेला माणूस करतो तेच त्यानं केलं, तो चिडला. चिडायला समोर काटाच होता.

"तुमचा काटा बिघडलाय, डॉक्टर," असं म्हणून तो स्वतः त्यावर चढला. बासष्ट. "बघा. मला बी चार जादा दावतोय. त्यो बाजारातला एवढा मोठा काटा खोटा बोलंल व्हय?"

डॉक्टर रागावले नाहीत. "तपासून घ्या," एवढंच म्हणाले.

दवाखान्याच्या खालीच खताचं दुकान होतं. सोपान तरातरा जिना उतरला. पाच मिनिटांनी तो वर आला तेव्हा त्याच्या पाठीवर युरियाचं पोतं होतं. बाकड्यावर बसलेली माणसं पाय आखडून बघत राहिली. घामाघूम झालेल्या सोपाननं ते पोतं दवाखान्याच्या त्या नाजूक काट्यावर उभं केलं आणि हात बाजूला घेतले. पोत्याचं तोंड कारखान्यातच शिवलेलं होतं, दोरा जसाच्या तसा होता. पोत्यावर पन्नास किलो छापलेलं होतं.

तबकडीवरचा काटा पन्नासवर थांबला. तिथून तो हलला नाही.

सोपान वाकून तबकडीकडं बघत राहिला. मग त्यानं पोत्यावर हात ठेवला, जणू तेच पडेल म्हणून, आणि हळूहळू त्याच्याच कडेला जमिनीवर बसला.

"अकरा वरसं," तो म्हणाला.

सिंधुबाईच्या ध्यानात आलं, पण तिच्यापुढं वांगी आली नाहीत. तिच्यापुढं भाकऱ्या आल्या. आंबोणात टाकलेल्या, वाफ येत असलेल्या, एकीवर एक. पहिल्या दिवशी पाच किलो उतरलेच नव्हते. ते त्या काट्यानं खाल्ले होते, आणि त्या पाचांच्या मागं धावत ती दीड महिना उपाशी राहिली होती. तिनं टेबलाची कड धरली. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं.

"ऐंशीवरून उतरलेत ते पाच खरे आहेत," ते म्हणाले, "पण अंगातलं बळ घालवून उतरलेत. आता ऑपरेशन नाही. महिनाभर कागदावरचं सगळं खायचं, गोळ्या घ्यायच्या. आधी रक्त वर येऊ दे, मग उरलेले पाच बघू. तोवर ओझं उचलायचं नाही. गोळा आत जाईना, दुखायला लागलं, तर रात्र असो दिवस असो, निघून यायचं."

त्यांनी कागदावर त्या दिवसाची तारीख घातली, वजन लिहिलं, खाली सही केली. दोन लुगड्यांची पिशवी तशीच परत निघाली, आणि युरियाचं पोतं एसटीच्या टपावर.

पुढच्या बाजारी सोपाननं टेम्पोत वांग्यांच्या पोत्यांवर ते युरियाचं पोतं ठेवलं. शिलाई उसवली नव्हती.

"नुसतं पोतं तोलू," तो म्हणाला. "तू कशाला लोकांत?"

"पोत्याला काय उपाशी ऱ्हावं लागलं न्हाय," सिंधुबाई म्हणाली. "मी चढणार."

लिलाव ऐन रंगात होता. गाळ्यापुढं तीस-चाळीस माणसं उभी होती. सोपानच्या वांग्यांची पाळी आली तेव्हा सिंधुबाई हातात कागद घेऊन पुढं झाली आणि थेट पाट्यावर चढली. चपला पायात, चंची कमरेला, जुडगा तिथंच. मागं कुणीतरी हसलं. तिचे कान तापले, पण ती उतरली नाही.

"वैनी, हे काय?" मल्हार हळूच म्हणाला.

"तोल."

त्यानं गादीवर बसलेल्या शेठकडं पाहिलं, मग वजन सरकवलं. "एकाहत्तर."

सिंधुबाईनं कागद वर धरला. ज्या आकड्यासाठी ती बाजार रिकामा व्हायची वाट बघायची, तो तिनं चाळीस माणसांत सांगितला. "सोमवारी दवाखान्यात माझं वजन पंच्याहत्तर भरलं. चपला काढून. ही डॉक्टरची सही. हितं चपला घालून एकाहत्तर भरतंय. तीन दिस मी दोन्ही टाईम जेवतीया, म्हंजी चढलं असंल, उतरलं न्हाय."

हसणारा कागद बघायला पुढं सरकला.

"अहो बाई, दवाखान्याचे काटे कसले," शेठ बसल्या जागेवरून म्हणाला. "उतरा, पाळी जातीया."

तोवर सोपाननं युरियाचं पोतं आणलं होतं. बायको उतरली तसं त्यानं ते पाट्यावर ठेवलं आणि शिवलेलं तोंड लोकांकडं केलं. मल्हार वाकला. वजन सरकवताना त्याची बोटं नेहमीसारखी चालत नव्हती. दांडी मधोमध आली. शेठ म्हणाला, "मल्हार, नीट बघून सांग."

मल्हारनं नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. लिलाव पुकारताना गाळ्याच्या टोकापर्यंत जावा असा त्याचा आवाज होता.

पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल होता तिथंच उभा राहिला. पाळीत पुढं असलेल्या द्वारकाबाईनं आपलं गवारीचं पोतं दोन्ही हातांनी धरलं आणि फरफटत मागं ओढायला सुरुवात केली. मग आणखी एकानं मागं ओढलं. थोड्याच वेळात काट्याभोवती पोतं उरलं नाही, नुसती माणसं उरली, आणि शेठला गादीवरून उठावं लागलं.

सिंधुबाई बाजूला जाऊन वांग्यांच्या पोत्यावर बसली. बेंबीपाशी गोळा वर आला होता, तो तिनं तळहातानं हळूच आत ढकलला, गेला तसा श्वास सोडला, आणि फडक्याची गाठ सोडली. दोन भाकऱ्या, मटकीची उसळ. तिकडं आवाज चढत होते. तिनं पहिली भाकरी मोडली.

थोड्या वेळानं मल्हार पाण्याचा तांब्या घेऊन आला. तो तिच्यापुढं ठेवून तो तिथंच उकिडवा बसला. त्याला आता तिकडं काही काम उरलं नव्हतं.

"मी म्हणलं हुतं, वैनी," तो म्हणाला. "जेवत जावा म्हणून."

सिंधुबाईनं घास गिळला, वर पाणी प्यायली.

"म्हणला हुतास," ती म्हणाली. "हळू म्हणला हुतास."

मग तिनं दुसरी भाकरी हातात घेतली.