हिरवी राहिलेली ओळ

"लिंबाजी, बघितलंस का? ही ओळ जगली रे, पूर्ण ओळ!"

गवतावर संशोधन करणारे विरूपाक्ष साहेब मारवेल गवताच्या ठोंबांपुढे गुडघे टेकून बसले होते. मुरुडजवळच्या या माळावर यंदा पावसाळा कोरडा गेला होता, आणि साहेबांना नेमकं तेच हवं होतं. दुष्काळात खूश असणारा आपल्या नव्या लातूर जिल्ह्यातला हा एकच माणूस, असं मजूर चेष्टेनं म्हणत. पाणी तोडायचं, ठोंब वाळू द्यायचे आणि तगेल त्याचंच बी धरायचं, हे त्यांचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. उद्या या ओळीचं बी झोडायचं, वाढवायचं आणि जिल्ह्यातल्या उजाड गायरानांवर टाकायचं, असं ठरलं होतं.

साहेब पिशव्या आणायला शेडकडे गेले. खुणेचा खुंटा रोवावा म्हणून रखवालदार लिंबाजीने खुरप्याने माती उकरली. वरची माती कोरडी होती, पण आत चांगली ओल होती. कुणीतरी पाणी घातलं होतं. माळावर राहणारी माणसं दोनच, तो आणि त्याची बायको.

तो तसाच झोपडीकडे गेला. पंचफुला भांडी घासत होती.

"पंचे, त्या ओळीला पानी कोन घालून राहिलं?"

तिने लपवलं नाही. "मी. खरकटं पानी हाय, पेयाचं न्हाई. जाता-येता डोळ्यांम्होरं मरून राहिलं होतं. बघवंना."

"अगं, मरूच द्यायचं असतंय त्याला!"

"असं कुठं असतंय का? आपली म्हस मेली, तिला तर आपुन शेवटाला पोटभर पाजू शकलो न्हाई. गवताला तरी..."

ती पुन्हा भांडं घासायला लागली. लिंबाजीला तिचा संताप आला, आणि तितकीच दयाही आली.

"सायबाला सांगू नका," ती हळूच म्हणाली. "नौकरी जाईल तुमची."

खरंच होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण पुढच्या दुष्काळात हेच गवत गायरानांवर भरवशाचं म्हणून उभं असेल आणि महिनाभरात जळून जाईल. तेव्हा कुणाकुणाच्या म्हशी मरतील, या विचाराने तो शेडकडे वळला.

साहेब पिशव्या झटकत होते.

"सायेब, ती ओळ तहानेली न्हवती. आमच्या घरचं खरकटं पानी पडत होतं तिला."

साहेब वाकलेले होते, तसेच राहिले.

"रोज?"

"हाव."

शिव्या बसतील, म्हणून लिंबाजी खाली मान घालून उभा होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती, हे माळावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"उपटून टाक," ते म्हणाले. "बाकीच्या ओळी राहू देत. त्यातला एखादा ठोंब..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं आणि पिशव्यांची घडी घालायला लागले.

लिंबाजीने हिरवी ओळ मुळासकट काढली. त्याने मध्येच थांबून कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचफुला खरकट्या पाण्याची बादली झोपडीपाशीच ठेवून उरलेल्या ओळींच्या बांधावर जाऊन बसली. ऊन चढलं तशी ठोंबांची पाती आत वळत गेली, मलूल पडत गेली. लिंबाजीने दोनदा हाक मारली. ती उठली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून ती तिथंच बसून राहिली.