ताऱ्याभोवतीचं ताट

सलील प्रधान पहिल्यांदा आमच्याकडे आला, तेव्हा माझी नात ईशानी त्याला तिचं संशोधन समजावून सांगत होती. तेवढ्यात त्याचा हात थांबला. सुरळीची वडी बशीतून उचललेली, तोंडापर्यंत पोचलेली नाही, अशी अधांतरीच राहिली. मग त्यानं ती परत बशीत ठेवली आणि म्हणाला, "छान आहे."

माझ्या सुरळीच्या वडीला आजवर कुणी तोंडाजवळून परत पाठवलेलं नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मुलगी बघायलाच आला होता तो. स्थळ आणलं माझ्या धाकट्या दिरांनी, संपतरावांनी. रावपुऱ्यात बसून अख्ख्या बडोद्याची लग्नं जुळवायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

"वहिनी, असं स्थळ दिवा घेऊन शोधलंत तरी मिळायचं नाही. मुलगा बंगळूरला संशोधन करतो. आणि विषय कोणता, तर आपल्या ईशानीचाच! दोघं जन्मभर बोलत बसतील."

"दोघंही बोलत बसले तर कुकर कोण बंद करणार, भावजी?"

ईशानीचा विषय मला कळतो असं मी म्हणणार नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पण ज्या घरातल्या पुरुषांनी संस्थानाच्या काळात अख्ख्या महालाचा, म्हणजे तालुक्याचा, कारभार पाहिला, त्या घरातली मुलगी दिवसभर खोलीत बसून करते काय, हे विचारायचा हक्क मला आहे. मी विचारलं आणि तिनं सांगितलं. नव्या ताऱ्याभोवती वायूचं आणि धुळीचं एक चपटं ताट फिरत असतं. त्यातूनच पुढं ग्रह होतात. वायू झाला तरी तोही पाण्यासारखा वाहतो, आणि वाहणाऱ्या गोष्टीची समीकरणं असतात. प्रश्न असा, की फिरता फिरता त्या ताटात एखाद्या जागी वेग एवढा भडकेल का, की समीकरणाचाच कपडा टर्रकन फाटावा? ईशानीला सिद्ध करायचं होतं, की ताट पुरेसं जोरात फिरत असेल तर असं होत नाही.

"मग दुर्बिणीतून बघून का नाही घेत?"

"आजी, मी दुर्बीणवाली नाही गं. माझं सगळं डोक्यात नि कागदावर."

यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. समा भागातल्या आमच्या सोसायटीत समोर जो कडुनिंब आहे, त्याच्याकडे बघत बसायचं, मध्येच चार ओळी खरडायच्या, त्यातल्या तीन खोडायच्या. सुरुवातीला मला वाटलं पोरगी प्रेमात पडली. नंतर वाटलं प्रेम मोडलं. मग सवय झाली. पण एवढं मी बघितलं, की विद्यापीठातली पीएचडी या एका ताटावर उभी होती आणि ईशानी त्याच्यासाठी झिजत होती.

तर ते सगळं तिनं त्या दिवशी सलीलला सांगितलं. संपतरावांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी त्यांनीसुद्धा विचारलं, की ग्रह व्हायला किती काळ लागतो. आणि हा त्याच विषयातला पंडित! एक प्रश्न नाही. ज्याला काही कळत नाही तो विचारतो, ज्याला थोडं कळतं तो वाद घालतो. नुसतं "छान आहे" कोण म्हणतं? ज्याला विषय मिटवायचा असतो तो.

तो गेल्यावर मी सुनेला म्हटलं, "नीलिमा, हा मुलगा काहीतरी लपवतोय."

"आई, लाजला असेल हो."

"लाजणारा माणूस घास पटकन गिळतो. खाली नाही ठेवत."

पण माझं ऐकतो कोण! ईशानीला तो आवडला. रोज फोन सुरू झाले. गच्चीवर उभी राहून ती हसायची, आणि पलीकडच्या गच्चीवरून शेजारच्या दक्षाबेन मला खुणा करायच्या, "सारू छे, सारू छे!", छान चाललंय म्हणून. साखरपुडा उन्हाळ्यात करायचं ठरत आलं. मी मांडवीला जाऊन खण बघून आले. संशय आपल्या जागी, खण आपल्या जागी.

आणि एका सकाळी ईशानीचा चहा गार झाला.

ती लॅपटॉपसमोर बसली होती आणि चहावर साय धरली होती. या लोकांची एक रीत आहे. शोध लागला की छापून यायच्या आधीच तो एका ठिकाणी चढवतात, म्हणजे सगळ्या जगाला कळतं की हे आधी कुणी केलं. तिथं सलीलचा पेपर आला होता. जोरात फिरणारं ताट फाटत नाही, याची सिद्धता. नाव एकट्या सलील प्रधानचं.

"तुझं काय राहिलं होतं?" नीलिमानं विचारलं.

"शेवटचा टप्पा." एवढंच बोलून ती खोलीत गेली.

"चोर!" मी म्हटलं. "माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून, माझ्या बशीत खाऊन चोरी केली मेल्यानं."

"आई, हळू बोला."

"का हळू? चोरी त्यानं केली, आवाज मी का दाबू?"

चोरी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. दक्षाबेन जिला खांडवी म्हणतात, ती त्यांच्या सासूनं माझ्या सासूच्या स्वयंपाकघरात उभं राहून उचललेली सुरळीची वडी आहे. दोन्ही घरं तेव्हा मांडवीला एकाच गल्लीत होती. दक्षाबेन म्हणतात, "सुहासिनीबेन, आ तो अमारी खांडवी! तुमच्या सासूनं आमच्याकडून नेली." हा दावा आमच्यात अजून चालू आहे.

मला लग्न मोडायचं होतं, पण गुपचूप नाही. संपतरावांना समोर बसवून, पुरावा टेबलावर ठेवून मोडायचं होतं. उद्या कुणी म्हणायला नको की आमच्या दिघ्यांच्या मुलीतच काही खोट होती. पण ईशानी तो पेपर वाचायलाच तयार नव्हती. दार लावून पडून राहिली होती. जेवायला आली तरी आमटीत बोट फिरवत बसायची.

शेवटी मी तिच्या खोलीत गेले आणि पडदा सरकवला.

"ऊठ. वाच तो पेपर."

"आजी, नको गं."

"कुठं कुठं चोरलंय तिथं तिथं खूण कर. बाकीचं माझ्यावर सोड."

ती वाचायला बसली. एकदा बसल्यावर मात्र उठेना. जेवण मी आत नेऊन दिलं. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर तो कडुनिंबाकडे बघतानाचा भाव परत आला होता.

"आजी, त्यानं चोरलेलं नाही."

"त्याची बाजू घेऊ नकोस."

"बाजू नाही घेत. माझी जी वाट आहे ना, ती त्याच्याकडे कुठंच नाही. माझ्याकडून उचललं असतं तर माझी वाट आली असती, माझ्या अडचणी आल्या असत्या. तो दुसऱ्याच बाजूनं चढलाय. आणि इतकं काम महिन्या-दोन महिन्यांत होत नाही. त्याचं आधीपासून चालू असणार. शिवाय त्याचं ताट बिनकडेचं आहे, सगळीकडे पसरलेलं. माझ्या ताटाला कड आहे."

"बिनकडेचं ताट! त्यात वाढायचं काय?"

ती हसली. किती दिवसांनी हसली. "गणितात चालतं. पण खऱ्या ताऱ्याचं ताट कुठंतरी संपतंच, आणि मी अडलेय ती तिथंच. कडेपाशी."

"कडेलाच फाटतं गं. वडीसुद्धा." मी म्हटलं. पण माझं समाधान काही झालं नव्हतं. "बरं, नसेल चोरलं. मग त्याचा हात का थांबला?"

"कसला हात?"

तिनं पाहिलं नव्हतं. ती सांगण्यात गुंग होती. मी तिला सगळं सांगितलं. कोणत्या वाक्याला वडी थांबली, ती खाली कशी ठेवली, "छान आहे" कसं म्हणाला. सांगता सांगता मला दिसलं, की तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"म्हणजे त्याला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "आम्ही दोघं एकाच गोष्टीमागे आहोत, हे माझ्या तोंडून त्यानं ऐकलं. आणि नंतर इतके दिवस फोनवर माझ्याशी बोलत राहिला."

मी चोर शोधायला निघाले होते. चोरी निघाली नाही, पण जे निघालं ते तिला जास्त लागलं. तिनं लगेच फोन उचलला आणि एवढंच म्हणाली, "बडोद्याला ये. फोनवर नको."

तो आला. संपतरावही आले, पण त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, "भावजी, आज फक्त कान आणायचे." नीलिमा मला डोळ्यांनी खुणावत होती की या दोघांना एकटं सोडू या. मी लसूण सोलायला घेऊन तिथंच बसले. सलीलला चहा दिला. नुसता चहा.

ईशानीनं पाल्हाळ लावलं नाही. "त्या दिवशी मी सांगत होते, तेव्हा तुझं किती झालं होतं?"

त्यानं कप खाली ठेवला. "बरंचसं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, आता सांगितलं तर तू म्हणशील की ऐकून बनवतोय."

"आणि न सांगितल्यानं इथं तुला काय काय म्हणून झालंय, ते विचार मला," मी म्हटलं.

"आजी!" ईशानी माझ्याकडे न बघता म्हणाली. मग त्याला, "इथून परत गेल्यावर काय केलंस?"

संपतराव तोंड उघडणार होते, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मिटलं.

"घाई केली," सलील म्हणाला. "अजून सावकाश लिहिणार होतो. तुझं ऐकलं आणि भीती वाटली की तू आधी पोचशील. रात्रंदिवस बसून संपवलं. फोनवर रोज वाटायचं आज सांगू. ईशानी, मी तो पेपर मागे घेतो."

"मागे घेऊन काय होणार? बरोबर आहे ते बरोबर आहे. मागे घेतल्यानं ते खोटं थोडंच ठरतंय?"

"मग काय करू?"

"सुधारलेली आवृत्ती चढव. पहिल्याच पानावर लिही, की ईशानी दिघे हिचं याच प्रश्नावर स्वतंत्र काम आहे, आणि ते तू तिच्याकडून ऐकलंस. कधी ऐकलंस तेही लिही."

"कधी तेही?" त्याचा चेहरा पडला. "म्हणजे वाचणाऱ्याला कळेल, की आधी ऐकलं आणि मग घाईनं चढवलं. माझ्या नोकरीचं अजून पक्कं नाही, ईशानी. तिथली माणसं हे वाचणार."

"माझ्या परीक्षकांनी तुझं एकट्याचं नाव वाचलं तर माझी पीएचडी कशाची? ते म्हणतील, मुलीनं ह्याचं बघून केलं."

लसणाची पाकळी माझ्या हातात तशीच राहिली. इथं त्याची जात कळणार होती. आडनावाची नव्हे, आतली. त्यानं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "लॅपटॉप दे."

तिथंच बसून लिहिलं त्यानं. ईशानीनं वाचलं, एक शब्द बदलायला लावला, त्यानं बदलला. मी नीलिमाकडून ते मराठीत ऐकून घेतलं, तारखेसकट. ईशानीवर माझा विश्वास आहे, पण ती त्या वेळी त्याच्याकडे बघत होती.

"चला, गोड झालं!" संपतरावांनी मांडीवर थाप मारली. "आता साखरपुड्याचं—"

"साखरपुडा नको, आजोबा," ईशानी म्हणाली.

सलीलनं मान वर केली नाही. त्याला माहीत असावं.

"मी रोज तुला अडलेलं सांगत होते आणि तू 'हं, हं' म्हणत होतास," ती त्याला म्हणाली. "तो 'हं' मी विसरणार नाही. पण तुझ्या सिद्धतेतली मधली युक्ती चांगली आहे. ती घेतली तर माझं कडेपर्यंतचं अर्धं काम सोपं होतं. पुढचं दोघांनी मिळून करू या. कड असलेलं ताट, पूर्ण. करशील?"

"करीन," तो म्हणाला.

मी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "लग्न नाही, पण पेपर बरोबर? हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

"गणितात बसतं, आजी."

"आणि नाव कुणाचं आधी?"

"आमच्यात इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावतात. दिघे आधी, प्रधान नंतर."

हा नियम मात्र मला पटला.

त्या संध्याकाळी दक्षाबेन वाटी घेऊन आल्या. काय झालं ते कळल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. वाटीत खांडवी होती. त्या गेल्यावर मी एक वळी उलगडून बघितली, आजवर कधी बघितली नव्हती. आत काही नाही, खोबरं-कोथिंबीर सगळी वर. आमची सासू आत भरायची. ताकाचा आंबटपणाही निराळा. उचललेली असती तर भरायचं का विसरली असती त्यांची सासू? मी वळी परत गुंडाळली आणि खाऊन टाकली. दक्षाबेनना हे मी सांगणार नाही.

आता सलील अधूनमधून येतो. संपतराव त्याला अजून जावई समजून विचारपूस करतात, मी समजत नाही. तो आणि ईशानी जेवणाच्या टेबलावर कागद पसरतात आणि मी समोर मेथी निवडत बसते. नीलिमा म्हणते, "आई, आता कशाला पहारा?" माझं लक्ष त्याच्या हाताकडे असतं.

परवा ईशानी काहीतरी लिहून दाखवत होती. दोघांमध्ये वड्यांची बशी होती, ईशानीसाठी केलेल्या. त्याच्यापुढे बिस्किटं. ती बोलत होती, आणि त्याचा पेन धरलेला हात थांबला. मी मेथीची जुडी खाली ठेवली.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ईशानी, थांब. हे मी गेल्या आठवड्यात करून ठेवलंय. तू पुढं लिहायच्या आधी बघ."

आणि पिशवीतून कागद काढून तिच्यापुढे ठेवले.

मी उठले, बशीतली वडी उचलली आणि त्याच्या बिस्किटांशेजारी ठेवली.

"आजी, एकच?" ईशानीनं विचारलं.

"पुढचं बघून," मी म्हटलं, आणि मेथी घेऊन परत तिथंच बसले.